मेणावरचा अंगठा

दार लावून घे आधी. आणि ए, तो मोबाईल उपडा ठेव. तोंडावर उजेड घेऊन गोष्ट ऐकतात होय? ही काही ऐकीव नाही. माझ्या घड्याळांच्या दुकानाशेजारी चांदीकाम करणारा होता ना, चिमट्या... हातात कायम चिमटा, म्हणून चिमट्या. त्याच्या बाबतीत घडलेली आहे.

नोव्हेंबरची अठरा तारीख, मंगळवार. रात्री नऊला तो दुकान बंद करून निघाला. काम काय, तर एका बाईकडून पेंडंट परत आणायचं, पॉलिश करतो म्हणून. बस, एवढंच.

ते पेंडंट त्यानंच केलेलं. त्या बाईचा नवरा गेला, त्याच्या आदल्या दिवशी तिनं मेणाच्या वडीवर त्याचा अंगठा उठवून घेतला होता. "तसाच्या तसा चांदीत उतरवून द्या, गळ्यात घालीन," म्हणाली. असलं काम चिमट्या झकास करायचा. पण गडी धांदरट. साचा घ्यायच्या आधीच वडी शेगडीजवळ विसरला आणि जेवायला गेला. परत येऊन बघतो तर मेणाचं पाणी!

आता दुसरा अंगठा आणायचा कुठून? माणूस तर गेला. ह्या शहाण्यानं नवं मेण घेतलं आणि स्वतःचा उजवा अंगठा दाबला. "अंगठे सगळे सारखेच, कोण बघतंय?" असं वर हसत मला सांगितलं. मी त्याला चांगला झापला. पण पेंडंट हातात घेऊन ती बाई अशी रडली, अशी रडली, की मीही खरं सांगायचं टाळलं.

त्या रात्रीपासून सुरू झालं.

रोज साडेनऊला त्याचा अंगठा गरम व्हायचा. कुणीतरी हळूहळू कुरवाळतंय असं वाटायचं. आधी तर हा लाजला, मूर्ख! "दादा, बाई पेंडंटवर हात फिरवत असणार," म्हणे. पंधरा दिवस असे गेले. मग अंगठा गरम व्हायचा थांबला. गार पडायला लागला. आता कुरवाळणं नाही, ओढणं. आतून. हातातली पकड गेली. बारीक तार सुटायची, कडी वाकडी व्हायची. चांदीकाम करणाऱ्याचा उजवा अंगठा गेला म्हणजे खायचं काय त्यानं? घाबरला बिचारा. मी म्हटलं, जा आणि खरं सांगून टाक. तर म्हणतो, "दादा, तिच्याकडे त्यांचं तेवढंच उरलंय. खरं सांगितलं तर तो माणूस तिच्यासाठी पुन्हा मरेल." म्हणून हे पॉलिशचं नाटक. आणायचं, वितळवून टाकायचं, आणि हरवलं म्हणून पाय धरायचे.

तिसरा मजला. जिन्यातला दिवा गेलेला. नऊ चाळीस झाले होते. दाराजवळ चाचपडताना गोल बटण हाताला लागलं. बेल समजून ह्यानं अंगठा दाबला.

टिक.

बेल नाही वाजली. दार उघडलं.

आत अंधार. पंख्याची घरघर... बाकी काही नाही.

"आलात?"

बाईचा आवाज. आतल्या खोलीतून. अगदी शांत.

हा दाराची चौकट धरून उभा.

"किती दिवस बोलावतेय... या ना. दारात का उभे?"

हा मागे वळायला गेला. पाऊल मात्र... पाऊल आत पडलं. ह्यानं टाकलं नव्हतं.

काय रे, सरकलास का जवळ? बस, बस. मलाही सांगताना कसंतरीच होतं.

मग दिवा लागला. बाई समोर उभी. गळ्यातलं पेंडंट मुठीत धरलेलं. ह्याला बघून पांढरी पडली.

"तुम्ही? दार कुणी उघडलं?"

"मी... मला बेल वाटली, ताई."

"ते कुलूप आहे. ह्यांच्या अंगठ्यानं उघडतं, फक्त ह्यांच्या. माझा त्यात घ्यायचा राहूनच गेला. मी किल्ली वापरते."

चिमट्यानं आपल्या अंगठ्याकडे बघितलं. तिथंच उंबऱ्यात बसला आणि भडाभडा सगळं सांगून टाकलं. मेण, शेगडी, सगळं. "ताई, तो त्यांचा नाही. माझा आहे. माझं चुकलं, मला माफ करा... पण तो मला परत द्या."

बाई ऐकत होती. मूठ सोडली नाही. पेंडंटवर बोट फिरत होतं... फिरत होतं.

"नाही हो," ती म्हणाली. "ह्यांचाच आहे. लग्न झालं त्या वर्षी पत्र्यानं कापला होता. ती आडवी रेघ रोज लागते माझ्या बोटाला."

चिमट्यानं तसली रेघ केलीच नव्हती.

जिना कसा उतरला त्याचं त्याला ठाऊक. सरळ माझ्या दुकानात आला. मी एक भिंतीवरचं घड्याळ खोलून बसलो होतो. दहा वाजून पाच मिनिटं. नुसता उजवा हात टेबलावर ठेवला आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. मी डोळ्याला भिंग लावलं.

अंगठ्यावर आडवा व्रण.

ताजा असता तर म्हटलं असतं, येताना कुठेतरी लागलं असेल. ताजा नव्हता रे... भरून आलेला, पांढरा पडलेला. कित्येक वर्षांपूर्वीचा.

आणि त्याच दुपारी, गार का पडतो म्हणून, मी तोच अंगठा त्याच भिंगाखाली उलटसुलट करून बघितला होता. तिथं काही नव्हतं.