विसरलेला अडॅप्टर

तू गाडी घेतलीस, झकास केलंस. विजेची घेतलीस, तेही चांगलंच. आता सासुरवाडीला जाताना पेट्रोलचं कारण सांगता येणार नाही, एवढाच काय तो तोटा. पण एक सांगतो, ते ऐकून ठेव. रस्त्यातल्या चार्जरवर कोणाचा तरी अडॅप्टर लटकलेला दिसला, तर त्याला हात लावू नकोस.

हसा. हसून घ्या सगळ्यांनी. मीही हसलो असतो, पण हे माझ्या मावसभावाच्या बाबतीत घडलंय. त्याला तुम्ही ओळखता. मास्तर. निम्म्या गावाला त्याने गाडी शिकवली. रिकाम्या रस्त्यावरसुद्धा वळताना इंडिकेटर देणारा माणूस. "कोणाला दाखवतोस रे?" म्हणून आम्ही त्याला पिडायचो. असला माणूस थापा मारत नाही. थापा माराव्यात तर मी.

मागच्या वर्षीची गोष्ट. नोव्हेंबरातला तिसरा गुरुवार. मास्तर त्याच्या वडिलांना, म्हणजे माझ्या काकांना, शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलातून घरी आणायला गेला होता. काम तसं साधंच. सह्या करायच्या, गाडीत घालायचं, घरी यायचं. डॉक्टरांनी हात टेकले होते. "घरी न्या," म्हणाले, "आजची रात्र, फार तर उद्याचा दिवस."

काकांचं मागणं एकच होतं. "मला हिला एकदा बघू दे."

ही म्हणजे माझी मावशी. तिचे पाय गेलेले, कित्येक वर्षं पलंगाला खिळलेली. तिला शहरात नेणं शक्यच नव्हतं. मास्तर म्हणाला, फोनवर दाखवतो. काका म्हणाले, "फोनवर काय हात धरता येतो?" ॲम्ब्युलन्स सकाळी मिळणार होती, आणि सकाळचा भरवसा कोणालाच नव्हता. तेव्हा मास्तरने मागची सीट पाडली, गादी टाकली, ऑक्सिजनचा सिलेंडर पट्ट्याने बांधला आणि काकांना त्यावर आडवं केलं.

गाडीबद्दल सांगायला हवं. सेकंडहँड, बाहेरच्या देशातून आलेली. दिसायला राजबिंडी, पण तिचं चार्जिंगचं तोंड जगावेगळं. आपल्याकडच्या फास्ट चार्जरची गन, म्हणजे वायरीच्या टोकाचा प्लग, त्यात बसत नाही. मध्ये अडॅप्टर लागतो. चांगलं वरवंट्याएवढं जड, काळं धूड असतं ते. एक टोक गनला, दुसरं गाडीला. मास्तरचा कायम डिकीत असायचा. पण गादी आणि सिलेंडर ठेवायचे म्हणून वहिनीने डिकी रिकामी केली होती, आणि त्या सामानात अडॅप्टरही बाहेर गेला. जिन्याखालच्या फळीवर पडून होता बिचारा. मास्तरला त्याचा पत्ताच नाही.

येताना थंडी मरणाची. काका कुडकुडायला लागले म्हणून हीटर लावला, आणि हीटर बॅटरी कशी खातो ते तुला आता कळेलच. रात्री सव्वाअकराला तो त्या चार्जरपाशी पोचला, तेव्हा नऊ टक्के उरले होते. बंद टायरचं दुकान, त्याच्या अंगाला पत्र्याची शेड, शेडमध्ये दोन मशीनं. आजूबाजूला चिटपाखरू नाही. मास्तर म्हणाला, "बाबा, अर्धा तास. मग थेट घर." काकांनी मान हलवली.

त्याने डिकी उघडली. अडॅप्टर नाही.

गादीखाली पाहिलं. सीटखाली पाहिलं. पुन्हा डिकी. मशीनवरच्या नंबरला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, आमचा माणूस सकाळी आठनंतर येईल." मास्तर म्हणाला, "अहो, गाडीत माझे वडील..." ती म्हणाली, "सर, आपली गैरसोय आम्ही समजू शकतो." वहिनीला फोन केला. ती रडायलाच लागली. शेजाऱ्याला पाठवते म्हणाली. पण त्याला यायला दीड तास, मग गाडी भरायला वेळ, आणि सिलेंडरचा काटा आताच लालच्या जवळ आलेला.

मास्तर खाली फरशीवर बसला. एवढा मोठा बाप्या, ढसाढसा रडला. काकांना ऐकू जाऊ नये म्हणून तोंडात रुमाल कोंबून.

मग त्याचं लक्ष दुसऱ्या मशीनकडे गेलं. त्या गनच्या तोंडाला एक अडॅप्टर लागलेला. अगदी त्याच्याच गाडीचा.

असं होतं बरं का. माणूस घाईत असला की गन अडॅप्टरसकट ओढतो, तशीच जागेवर अडकवतो आणि निघून जातो. पुढच्या चार्जरवर पोचल्यावर कपाळाला हात. अशा वेळी नंतर येणाऱ्याने तो तिथेच राहू द्यायचा, मालक परत येतो, ही या गाडीवाल्यांची रीत. मास्तर तो घेऊन थोडाच जाणार होता? वापरायचा आणि होता तिथे ठेवायचा. त्याने गन हातात घेतली. अडॅप्टर कोमट होता. कोणीतरी आत्ताच वापरल्यासारखा. पण रस्त्यावर दूरवर एकही दिवा नव्हता.

लावला. टक् करून लॉक बसलं. आकडे चढायला लागले. दहा, बारा, पंधरा. मास्तरच्या जिवात जीव आला. तो मागच्या दारातून काकांचा मास्क नीट करायला वाकला.

"हे कोण उभे आहेत?" काकांनी विचारलं.

"कोण, बाबा?"

"तुझ्या मागे. चष्मेवाले."

मास्तर वळला. शेड. मशीन. फरशी. कोणी नाही.

"कोणी नाहीये. तुम्ही बोलू नका. दम लागेल."

"त्यांची वस्तू घेतलीस का तू?"

मास्तरने त्यांचं पांघरूण सारखं केलं. काका मात्र त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत होते. मधेच मान हलवत होते. समोरचा काही सांगत असला की आपण हलवतो ना, तशी.

"बायको गाडीत आहे म्हणतात. बरं नाही तिला. पुढे जुन्या गिरणीचा फाटा आहे, तिथून आत गिरणीपाशी गाडी बंद पडलीय. हे विसरलं म्हणून न्यायला चालत आलेत."

आता ऐका. हे सगळं खरं होतं. मास्तरला नंतर त्या टायरवाल्याने सांगितलं. आदल्या वर्षी एक माणूस असाच अडॅप्टर विसरून पुढे गेला होता. आजारी बायकोला गाडीत बसवून अंधारातून चालत परत आला. शेडसमोर रस्ता ओलांडताना ट्रकने उडवलं. खिशात ओळखीचं काही नाही. बायको तिकडे वाट बघत राहिली. तीही गेली, दुसऱ्या दिवशी सापडली. अडॅप्टर पोलिसांनी कधीच नेला होता. "त्या गनला काही नव्हतं साहेब," टायरवाला म्हणाला, "असतं तर मीच उचलून ठेवलं असतं." पण त्या रात्री हे मास्तरला ठाऊक नव्हतं. काकांना तर नव्हतंच.

मास्तरने आकडा बघितला. सव्वीस.

पंचवीस.

त्याला वाटलं, आपण चुकीचं वाचलं. चोवीस. गाडी भरत नव्हती. रिकामी होत होती. लावलेल्या गनमधून तिच्यातली वीज उलटी बाहेर जात होती. त्याने फोनवरून बंद केलं. फोन म्हणाला, गाडी जोडलेलीच नाही. मशीनवरचं लाल बटण दाबलं. एकवीस. गन ओढली. हलेना. दोन्ही हातांनी, पाय गाडीला टेकवून ओढली. तळहातांची सालटी निघाली. सतरा.

आणि मागून काकांचा श्वास. आधी सुरात चालला होता. आता थांबत होता. मग पुन्हा. मग...

"सोड ना," मास्तर ओरडला. कोणावर, त्यालाच माहीत नाही. "अरे, माझा बाप मरतोय. सोड."

बारा.

"त्यांना सोडतो म्हण," काका म्हणाले. अगदी हळू. "त्यांच्या बायकोपाशी. वाटेतच आहे."

"बाबा..."

"म्हण रे."

मास्तर अंधाराकडे वळला. हात जोडले. "सोडतो," म्हणाला, "शब्द देतो. या. बसा."

टक्.

गन हातात आली. मशीनचा दिवा गेला. गाडीत बसून बघतो तर आकडा एकतीस. कसा, विचारू नका.

त्याने अडॅप्टर शेजारच्या सीटवर ठेवला आणि गाडी काढली. लगेच पट्ट्याचा भोंगा सुरू. शेजारच्या सीटवर कोणी बसलंय, त्याने पट्टा लावलेला नाही. मास्तरने अडॅप्टर उचलून मांडीवर घेतला. भोंगा चालूच. शेवटी एका हाताने त्याने रिकाम्या सीटचा पट्टा लावला.

भोंगा थांबला.

काचेवर आतून वाफ धरत होती, त्या बाजूच्या काचेवर जास्त. मास्तर फक्त समोर बघत होता. समोर आकडा दिसत होता. घरी पोचेपर्यंत दोन टक्के उरतील, असं गाडी सांगत होती. दोन. फाट्यावरून आत गिरणीपर्यंत जायचं आणि परत यायचं, म्हणजे गावाच्या अलीकडेच कुठेतरी गाडी बंद. सिलेंडर संपलेला. काका गादीवर. आणि मावशी घरी दाराकडे बघत...

फाट्याची पाटी दिसली. त्याने सवयीने इंडिकेटर दिला. टिक टिक, टिक टिक. वेग कमी केला. डावीकडचा रस्ता म्हणजे नुसती गवतातली वाट. काळोख.

त्याने इंडिकेटर बंद केला.

"उद्या येतो," तो शेजारच्या सीटला म्हणाला. "उद्या सकाळी येतो. शप्पथ. आज नाही हो जमत."

गाडी फाटा सोडून पुढे गेली. आणि पट्टा सुटल्याचा आवाज झाला.

भोंगा सुरू झाला. तो घरापर्यंत थांबला नाही. मास्तरने शेजारी पाहिलं नाही. एकदाही नाही. फक्त मागून काकांचा आवाज आला, "वळला नाहीस रे."

मी त्याला दोष देत नाही. त्याच्या जागी मी असतो तर इंडिकेटरसुद्धा दिला नसता.

घरी पोचले. मास्तरने काकांना दोन्ही हातांवर उचलून आत नेलं आणि मावशीच्या पलंगावर, तिच्या शेजारी निजवलं. मावशी म्हणाली, "आलात?" काका म्हणाले, "आलो." एवढंच. हातात हात घेतला. ज्याच्यासाठी मास्तरने एवढा आटापिटा केला, ते झालं होतं. पण काकांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. तो पाया पडला, तरी नाही. त्याने दाराला आतून कडी घातली आणि दाराला पाठ लावून तिथेच खाली बसला. कशाला, तर बाहेरचं कोणी आत येऊ नये म्हणून. कधीतरी त्याचा डोळा लागला.

उजाडताना जाग आली तेव्हा काका गेले होते. चेहरा शांत. हात अजून मावशीच्या हातात. कडी जशीच्या तशी. मास्तर हुंदके द्यायला लागला, तर मावशीच त्याला समजावायला लागली.

"रात्री मधेच उठून गेले होते," ती म्हणाली.

"कोण?"

"हे. म्हणाले, एकांना सोडून येतो, बायको वाट बघतेय त्यांची. आत्ता आले परत. हात किती गार झालेत बघ."

मास्तरला वाटलं, तिला स्वप्न पडलं असेल. काकांना महिनाभर उठून बसताही येत नव्हतं. तरी तो बाहेर गेला. गाडीला कुलूप होतं. शेजारची सीट रिकामी. अडॅप्टर सीटवर नाही, खाली नाही, कुठेच नाही.

तो आत आला. वहिनीने पाणी तापवलं होतं. काकांचं अंग पुसायचं म्हणून मास्तरने पायांवरचं पांघरूण काढलं.

हॉस्पिटलातून निघताना नर्सने घातलेले पांढरे मोजे तळव्याला काळेठिक्कर झाले होते. टाचेपाशी फाटले होते. आणि घोट्यापर्यंत, इकडून तिकडून, नुसती कुसळं. रानातली. ओली.

मास्तर पायाशी बसला आणि एकेक कुसळ उपटायला लागला.

"हळू काढ रे," मावशी म्हणाली. "दमलेत ते."