एका हाकेला ओ

हे शंभर टक्के खरं आहे, देवाशपथ. माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं. म्हणजे... डोळ्यांसमोर नाही, मी तेव्हा कंबर धरून इथे डोंबिवलीत पडलेलो. पण महेंद्र तिथे होता, आणि महेंद्र खोटं बोलत नाही. आमच्या दोघांत ते खातं माझ्याकडे आहे. नील, तो मोबाइल उलटा ठेव. लाइट यायचे तेव्हा येतील.

तर महेंद्र. मानपाडा रोडला राहतो, एमआयडीसीत फिटर. दोन हजार पंधरा साली नेपाळात भूकंप झाला, तेव्हा कल्याणच्या काही पोरांनी एका रात्रीत तांदूळ, डाळ, ताडपत्र्या गोळा केल्या आणि गोरखपूरमार्गे निघाली. हा त्यांच्यात. निघताना त्याच्या आईने, मंजुळाबाईने, डब्याबरोबर एक ताकीदही बांधून दिली.

"परका मुलूख आहे. रात्री हाक आली तर एका हाकेला ओ द्यायची नाही. माणूस दुसऱ्यांदा हाक मारतो. ते मारत नाही."

"काका, 'ते' म्हणजे?"

'ते' म्हणजे ते, ऋजुता. मध्ये बोलू नकोस. महेंद्रही असाच हसला होता. शिकलेला, अंधश्रद्धेवर चौकात भाषणं ठोकणारा गडी.

डोंगरातलं गाव. एक घर उभं नाही. यांचं काम काय, तर सकाळी चुलीवर खिचडीचा टोप चढवायचा, दुपारी ताडपत्र्या बांधायच्या, संध्याकाळी पुन्हा खिचडी. मधूनच जमीन हलायची, की हातातलं टाकून सगळे मोकळ्यावर. महेंद्र नावाचा त्यांचा एक राजा होऊन गेलेला, म्हणून तिथल्या म्हाताऱ्या याला 'राजा' म्हणायच्या. आणि राजाकडे मागायला यायच्या. काय? घण, पहारी, दोरखंड. घरं उपसायला. राजाकडे काय होतं? बिस्किटं.

एका बाईने पुडा घेतला, पण फोडला नाही. आपल्या घराच्या ढिगाऱ्यावर, दगडांच्या फटीत नीट सरकवून ठेवला. आतल्याला भूक लागली असेल म्हणून. महेंद्र बघत उभा राहिला. त्याने फटीत तोंड घालून हाका मारल्या, दोन दगड हलवले. तिसरा हलेना.

भूकंप शनिवारचा. ही गोष्ट बुधवारची, एकोणतीस एप्रिलची. रात्री साडेअकराच्या सुमाराला टीमचा म्होरक्या सुदेश म्हणाला, "राजे, मोठा टोप झऱ्यावरच राहिला की! घेऊन या, नाहीतर उद्याची खिचडी तुमच्या हेल्मेटात शिजवू."

महेंद्र गेला. टोप घेतला, डोक्यावर पालथा घातला, बॅटरी हातात. गाणं गुणगुणत परत निघाला. वाट पडक्या घरांमधून. वारा पडलेला.

"दाइ..."

दाइ म्हणजे दादा. त्यांच्या भाषेत.

बारीक आवाज. डाव्या हाताच्या ढिगाऱ्यातून.

महेंद्र थांबला. ओ अगदी ओठांपर्यंत आली. आणि...

गिळली.

भाषणं ठोकणारा महेंद्र डोंबिवलीत राहिला होता. त्या अंधारात फक्त मंजुळाबाईचा मुलगा उभा होता. टोप डोक्यावर तसाच. मनातल्या मनात म्हणतोय, मार. अजून एक मार. एकदाच, बाळा. मग आलोच बघ.

काही नाही.

लांब एक कुत्रं भुंकलं. थांबलं.

काहीच नाही...

तो निघाला.

सकाळी त्याने सुदेशला सांगितलं. लष्कराची माणसं आणली, ढिगारा उपसला. आत मुलगी, सातआठ वर्षांची. डॉक्टर म्हणाला, ही शनिवारीच गेली, पहिल्याच धक्क्यात.

"म्हणजे भूत! आईचं ऐकलं म्हणून वाचला!"

हां, नील. वाचला म्हण.

परत आला तो ओ देतच. कुणाच्याही हाकेला. भाजीवाल्याने दुसऱ्याच गिऱ्हाइकाला हाक मारली, हा "ओ!" शेजारीण तिच्या पोराला बोलवतेय, हा खिडकीतून "आलो, आलो!" गल्ली हसायची. मीही हसलोय.

आणि मग गेल्या दिवाळीनंतरची रात्र. अमावास्या नव्हती, चांगली शुद्ध द्वादशी, चांदणं पडलेलं. म्हणून तर विश्वास ठेवा. दोन वाजलेले. महेंद्र हॉलमध्ये निजलेला.

"दाइ..."

लादीखालून.

"ओ!" पापणी उघडायच्या आत. "ओ! आलो! कुठे आहेस? बोल!"

कान लादीला लावला. लादी गार.

"अजून एकदा... एकदाच..."

मंजुळाबाई उठून आली. "अरे, कुणाशी बोलतोस?"

"आई, तू बोलू नकोस. तू आता काही बोलू नकोस."

त्याने छिन्नी-हातोडा काढला. खालच्या मजल्यावरून शिव्या. वर ठणाठण. बोटं फुटली. शेवटी लादी सुटली. खाली वाळू. वाळूखाली स्लॅब.

बस्स.

तो नुसता बसून राहिला, हातात वाळू घेऊन. मंजुळाबाईने त्याच्याकडे पाहिलं. मग गुडघे धरत खाली बसली, त्या खड्ड्यावर वाकली, आणि जन्मात पहिल्यांदा एका हाकेला ओ दिली.

"ओ, बाळा..."



उजाडल्यावर तिने ती लादी उचलायला घेतली, तर खालच्या अंगाचं सिमेंट खरवडलेलं. पाच ओरखडे. शेजारी शेजारी. तिने आपली बोटं लावून पाहिली. बसेनात. फारच लहान होते.

...

काय रे, इतके जवळ सरकलात? बरं, कबूल. एक गोष्ट मी पदरची घातलीय. लादी नाही. ती त्यांच्या गॅलरीत आहे, जाऊन बघा. सकाळी ढिगारा उपसला, ती डॉक्टरची भानगड, ते माझं. महेंद्रने तिथे कुणाला सांगितलंच नाही. पहाटे टोप ट्रकमध्ये चढवले आणि टीम पुढच्या गावाला गेली. आत कोण होतं, शनिवारी गेलेलं की बुधवारपर्यंत तग धरलेलं, ते कुणालाच ठाऊक नाही.

ढिगाऱ्यातलं भूत मी घातलं. भूत असलेलं बरं.