गाडी मागे घेताना

वारज्याच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जड वाहन चालवायला शिकायला आलेल्या मुलींचा सराव संपला, अंधार पडला, आणि वीज गेली. त्यांचे वृद्ध शिक्षक शमशुद्दीनचाचा बाकावर टेकले.

"चाचा, बायकांना रात्रीची खेप का देत नाहीत हो?" त्यांच्यातल्या शालूने विचारले.

"देतात. घेणारी हवी. माझ्या ओळखीतल्या एकीची हकिगत सांगतो. खोटी वाटली तर सोडून द्या. मी ती तिच्याच तोंडून ऐकली आहे."

त्यांनी सांगितली ती अशी.

दोन हजार सतरा सालची, मार्गशीर्षातली सोमवती अमावास्या. धायरीच्या विजयमालाबाई साबणाच्या खोक्यांनी भरलेला ट्रक घेऊन विश्रांतवाडीच्या गोदामाकडे निघाल्या. काम नेहमीचे होते, मन मात्र थाऱ्यावर नव्हते. ही खेप पोचवायची, सकाळी मालकाच्या हाती किल्ली ठेवायची आणि ट्रक कायमचा सोडायचा, असे त्यांनी ठरवले होते. मालकाकडे ट्रक चालवणारी दुसरी स्त्री नव्हती.

शेजारची जागा रिकामी होती. तिथे हुस्नबानू बसत असे. बाईच्या हाताखाली क्लीनर व्हायला एकही पुरुष तयार होईना, तेव्हा ही मुलगी आपण होऊन आली होती. गाडी मागे घेताना क्लीनरने पाठीमागे उभे राहून फाळक्यावर थाप मारायची, ही या धंद्याची रीत. एक थाप म्हणजे येऊ द्या. लागोपाठ दोन म्हणजे थांबा. हुस्नबानूची थाप अशी खणखणीत, की विजयमालाबाईंना आरशात पाहावे लागत नसे.

पण तिला थापा मारत राहायचे नव्हते. तिला गाडी चालवायची होती. परवानाही तिने मिळवला होता.

"ताई, आज तरी द्या. रिकामीच आहे गाडी."

"पुढच्या खेपेला, बानू. मालकानं बघितलं तर दोघींची बी सुट्टी हाय."

"तुमची पुढची खेप म्हणजे आपल्या पुण्याची मेट्रो. नुसती येतेय, येतेय!"

दिवाळीनंतर एका संध्याकाळी दुसऱ्या एका ट्रकचा क्लीनर आला नाही, म्हणून हुस्नबानू त्या गाडीमागे उभी राहिली. तिने लागोपाठ दोन थापा मारल्या. विजयमालाबाईंनी त्या दुरून ऐकल्या. चालकानेही ऐकल्या. "आता बाईच्या थापेवर गाडी थांबवू का?" असे हसत म्हणून त्याने ट्रक आणखी मागे घेतला. मागे गोदामाचा दगडी ओटा होता. मध्ये हुस्नबानू होती.

त्यानंतर विजयमालाबाई एकट्याच खेपा करत होत्या.

विश्रांतवाडीचे गोदाम काळोखात बुडाले होते. रखवालदार फाटक उघडून आपल्या खोलीत परतला. पाठीमागे पाहणारे कोणी नव्हते. विजयमालाबाईंनी काच खाली केली आणि गाडी हळूहळू मागे घेतली.

थाप.

पाय ब्रेकवर गेला. वारा असेल... गाडी पुन्हा सरकली.

थाप.

"कोन हाय?"

...

गाडी आणखी थोडी मागे... थाप. आणखी थोडी...

दोन. लागोपाठ. खणखणीत.

गाडी थांबली.

त्या उतरून मागे गेल्या. फाळका आणि ओटा यांत चार बोटांचे अंतर. माणूस नाही. सावली नाही.

"ऐकली गं बानू," त्या म्हणाल्या. "ऐकली मी."

मग विजयमालाबाई चालकाच्या दाराकडे गेल्याच नाहीत. वळसा घालून क्लीनरच्या दाराने चढल्या आणि क्लीनरच्या जागी बसल्या. किल्ली तशीच लावलेली होती. शेजारच्या रिकाम्या आसनाकडे त्यांनी पाहिले.

"घे. चालव."

...

काहीच झाले नाही. त्या रडत राहिल्या. रडता रडता केव्हातरी डोळा लागला.

उजाडल्यावर हमालांनी माल उतरवला. विजयमालाबाई चालकाच्या बाजूने वर चढल्या, आणि त्यांना बसताच येईना. गुडघे स्टिअरिंगला अडले. गंजून एका जागी घट्ट झालेले, मेकॅनिककडूनही न हललेले ते आसन अगदी पुढे सरकलेले होते. हुस्नबानू त्यांच्याहून वीतभर बुटकी होती.

किल्ली त्यांनी मालकाला दिली नाही. आसनही मागे ढकलून पाहिले नाही. गुडघे आखडून तशाच बसल्या, आणि पुढची खेप भरायला निघाल्या.