बिस्किटांच्या डब्यातलं गाणं

"भूत चष्मा लावत नाही," ओजस म्हणाला.

"हे भूत लावतं. नाहीतर ते खांबावर आपटेल," आईच्या पांढऱ्या ओढणीखालून कौमुदीनं ऐकवलं.

ही भावंडं भांडायची ती आयरिश धाटणीच्या इंग्रजीत, पण आपण त्यांना मराठीतच ऐकू. शेजारची शिवॉन चेटकीण बनून फाटकाशी ताटकळत होती. आयर्लंडमध्ये कॉर्कजवळच्या कॅरिगलाइनमध्ये हॅलोविनची संध्याकाळ झाली होती आणि गल्लीतली पोरं भुताखेतांची सोंगं घेऊन दारोदार चॉकलेटं गोळा करायला निघाली होती. हे तिघं मात्र एका डब्याच्या शोधात होते.

त्याचं असं झालं. आपल्या घरांत बिस्किटांच्या डब्यात बिस्किटं सोडून सगळं असतं, हे तुम्हाला माहीत आहेच. आई रिंगास्किडीच्या औषधांच्या कारखान्यात कामाला. मुलांच्या सुट्टीत तिनंही रजा घेतली, दिवाळीचा फराळ उरकला आणि शेजाऱ्यांसाठी पाच निळे गोल डबे भरून ठेवले. काल बाबांनी ते वाटले. कसे? तर करोनाच्या सवयीनं. डबा दारात ठेवायचा, बेल वाजवायची आणि मागे न बघता घरी यायचं. आज सकाळी पद्माकर आजोबांनी कपाटातला आपला तसाच निळा डबा उघडला, तर आत चकल्या! म्हणजे बाबांनी आजोबांचाच डबा कुणाला तरी देऊन टाकला होता.

आजोबांच्या डब्यात टेपचं जुनं रीळ होतं. साठच्या दशकात, पुण्यात कॉलेजात असताना, आजोबांचा बीट ग्रुप होता. रेडिओच्या खरखरीतून इंग्लंडचं नवं संगीत ऐकायचं, गिटार आणि ड्रमचा तो धडाका डोक्यात साठवायचा, आणि सागवानी टेबलाच्या फळीतून स्वतः बनवलेल्या गिटारवर तो वाजवायचा. एकदा शास्त्रीय गाणं शिकणारी एक मुलगी त्यांच्यात गायला आली. तीच पुढे सरला आजी. यंदा एप्रिलमध्ये करोनानं आजी गेली, तेव्हा आजोबा स्वतः दुसऱ्याच हॉस्पिटलात होते. शेवटचं बोलणंही झालं नाही. बरे झाल्यावर बाबांनी त्यांना इकडे आणलं. तिचं गाणं आता त्या रिळावर तेवढं उरलं होतं.

"उद्या गल्लीच्या ग्रुपवर मेसेज टाकतो," बाबा म्हणाले होते. "नाहीतरी ते वाजवायचं मशीन कुणाकडे आहे?"

आजोबा दुपारी जेवलेही नाहीत. कौमुदीला बाबांचा असा राग आला की विचारू नका. त्यात शिवॉननं आठवण करून दिली की उद्या सकाळी कचऱ्याची गाडी येते, आणि न कळणारी वस्तू लोक सरळ टाकून देतात. म्हणजे काय करायचं ते आजच. बरं, हॅलोविनला कुणाच्याही दारावर बेल वाजवता येते!

तीन दारांवर त्यांनी चॉकलेटाऐवजी डबा मागितला. पहिल्या घरी चकल्या, दुसऱ्या घरी शंकरपाळे. तिसऱ्या घरानं रिकामा डबा कचऱ्याच्या पेटीत टाकला होता, म्हणून सांगाडा झालेला ओजस त्या पेटीत डोक्याकडून उतरला आणि केळ्याची सालं घेऊन वर आला.

"चौथा डबा आमच्याकडे आला. त्यात लाडू होते," शिवॉन म्हणाली.

"होते?"

"होते," ती ओशाळून म्हणाली.

आता उरलं टोकाचं घर. तिथे म्हातारा डोनल एकटा राहायचा. घरात अंधार होता, आणि हॅलोविनला तो दार उघडत नाही हे गल्लीला ठाऊक होतं. ओजसनं दारातल्या पत्रं टाकायच्या फटीला कान लावला. आत गिटार वाजत होती, मागे ड्रम धडधडत होता. मध्येच सगळं थांबलं आणि एक मुलगी खळखळून हसली.

"थांबा, थांबा. परत एकदा घेऊ या."

मराठी! डोनलच्या घरात!

कौमुदीचा हात बेलपाशी तसाच राहिला. व्हिडिओ कॉलवर आजी अगदी अशीच हसायची. चष्म्याच्या काचा धूसर झाल्या, म्हणून मग बेल ओजसनं वाजवली.

डोनल दार उघडून तिघांकडे पाहत राहिला. मुलांनी एकदमच सगळं सांगायला सुरुवात केली, तेव्हा त्यानं त्यांना आत घेतलं. मागच्या खोलीत टेबलावर जुनं टेपचं मशीन होतं. तरुणपणी त्याचाही कॉर्कमध्ये बीट ग्रुप होता. उन्हाळाभर तो खिडकीत गिटार वाजवायचा तेव्हा फिरायला निघालेले आजोबा त्याच्या कुंपणाशी थांबून बोटांनी ताल धरायचे. ताल असा पक्का, की हा आपल्यातलाच आहे हे त्यानं ओळखलं होतं. म्हणून डब्यात रीळ निघालं तेव्हा ते आजोबांनी मुद्दाम पाठवलंय असंच त्याला वाटलं. टेप दोन ठिकाणी तुटली होती. दिवसभर बसून त्यानं ती जोडली होती.

"ही गाणी अमेरिकेहून जहाजानं लिव्हरपूलला आली, तिथून आमच्याकडे," तो म्हणाला. "मला वाटायचं, आमच्यापुढे नुसता समुद्र. ती पुण्यालाही पोचली होती, हे कुणी सांगितलंच नाही. आणि ती मुलगी सुरावरून कशी घसरत येते! हे आम्हाला कधी सुचलं नसतं."

रीळ घेऊन जा, असं तो म्हणत होता, पण कौमुदीनं मान हलवली.

"रीळ नको. आजोबांनाच आणते."

ओढणी सावरत ती धावत सुटली. थोड्याच वेळात आजोबा आले, कानटोपी आणि घरातल्या सपाता तशाच. मागून आई-बाबा. डोनलनं खुर्ची पुढे केली आणि बटण दाबलं.

गाणं सुरू झालं. गिटारच्या धडाक्यात तो कोवळा आवाज शिरला, वर चढला, अलगद खाली आला. आजोबांची बोटं गुडघ्यावर चालू लागली. मग गाणं अडलं आणि आजी लटक्या रागानं म्हणाली, "अहो, तुम्ही इतक्या जोरात वाजवलंत तर मी कुणाला ऐकू येणार?"

बाबांनी कौमुदीला जवळ ओढलं आणि ओजसच्या खांद्यावर हात ठेवला. "चुकलो मी. तुम्ही होतात म्हणून बरं, पोरांनो," ते हळूच म्हणाले. आईनं शिवॉनला सांगून टाकलं की तिच्यासाठी लाडवांचा आणखी एक डबा येणार.

आजोबांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते मशीनकडे किंचित वाकले.

"येतेयस ऐकू, सरला," ते म्हणाले. "स्वच्छ येतेयस."