पाळणा कडेबाहेर जाऊ नये म्हणून

"त्याच्यावर विसंबू नको, महेश्वरी," इरम्मा आत्या म्हणाली होती. "त्यो कुणालाच न्हाय म्हणत न्हाय."

मी हसण्यावारी नेलं. नाही न म्हणणारा माणूस... त्यात वाईट ते काय?

नवरा वारल्यावर तान्ह्या लेकीला घेऊन मी मुरुमला माहेरी आले होते आणि माणिकप्पांच्या फर्निचरच्या दुकानात बिलं करत होते. एका ढगाळ दुपारी रुद्रेश आला. दुकानातल्या पाळण्याची मोबाइलवरची जाहिरात त्यानं केली होती — बोटानं ढकललं की पाळणा झुलायचा, आतलं बाळ हसायचं. लहानमोठ्या सगळ्या स्क्रीनवर ती नीट बसते का, हे तो ज्याच्या-त्याच्या फोनवर बघत होता. माझा फोन सगळ्यात जुना, सगळ्यात लहान. मी बोट लावलं. झोका गेला, आणि बाळाचं डोकं स्क्रीनच्या कडेबाहेर...

"बाळ पडतंय," मी म्हणाले. माझा दुसरा हात आपोआप फोनच्या कडेला गेला होता, झेलायला.

माणिकप्पा हसले. रुद्रेश हसला नाही. तो माझ्या हाताकडं बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी तो परत आला. मग रोजच. कधी पाळणा लहान केलेला, कधी झोका आखूड.

"आता तर नीट बसतोय की," मी एकदा म्हणाले.

"व्हय. तरी एकदा बघावं म्हणलं."

"पाळणा?"

"पाळणा... आणि तो धरणारा हात."

माझे कान तापले. बिलात मी काय लिहिलं कोण जाणे.

लेकीला मी कुणाच्या हाती देत नसे. सारखी भीती वाटायची. त्याच्याकडं मात्र दिली. ती त्याच्या मांडीवर झोपायची, आणि तो पायाला मुंग्या आल्या तरी हलायचा नाही.

शेवटी मीच विचारलं, घरी आपल्या लग्नाचं बोलशील का? "व्हय," म्हणाला. त्याच आठवड्यात वडिलांनी त्याला बजावलं, पुण्याला चुलतभावाकडं कामाला जा, तिचा नाद सोड. तिथंही तो व्हयच म्हणाला. दोन्ही वेळा मनापासून. ते जास्त लागलं.

तो निघाला त्या दिवशी स्टँडवर पावसाची भुरभुर होती. लेक माझ्या खांद्यावर निजलेली.

"एकदा तरी कुणाला नाही म्हण, रुद्रेश."

त्याचे डोळे भरून आले. "व्हय," म्हणाला, आणि गाडीत चढला.

ती जाहिरात अजून चालू आहे. लेक आता स्वतः बोट लावते. कुठल्याही फोनवर बाळ पडत नाही. त्याचा फोन मात्र हल्ली क्वचितच येतो. बरा आहे म्हणतो, पण आवाज खोल गेलाय.

तुम्ही पुण्यात असाल, आणि तुमच्या ऑफिसात, शेजारच्या खोलीत असा मुरुमचा कुणी असेल, तर एवढं करा. बरा आहेस का, असं विचारू नका, व्हय म्हणेल. आज काय जेवलास, ते विचारा. आणि उत्तर येईपर्यंत दारातून हलू नका.