पानाच्या तळाची ओळ

ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात घडलेली. ज्यांना थापा वाटतील त्यांनी खुशाल वाटून घ्याव्यात. फक्त मावशीसमोर तसं बोलू नये, एवढीच विनंती.

आणि रात्रबित्र काही नव्हती. भर दुपार होती.

मावशी शिवणकाम करते. तिच्या एकुलत्या एक मुलाला आम्ही सगळे भुंगा म्हणायचो, कारण काम करताना तो सतत गुणगुणायचा. एकच चाल, आणि तीही बेसूर.

भुंग्याने इंटरनेटवर एक फोरम काढला होता. तळ्यावर गळ टाकून बसणाऱ्या हौशी लोकांचा. कुठल्या माशाला कुठलं आमिष, असल्या गप्पा. तो सगळा कारभार त्याच्या टेबलाखालच्या जुन्या कॉम्प्युटरवर चालायचा. तोच सर्व्हर.

प्रत्येक पानाच्या तळाशी त्याने एक बारीक ओळ बसवली होती. पान किती वेळात उघडलं आणि सर्व्हरवर किती लोड आहे, ते सांगणारी.

"आई, ही ओळ फक्त मालकाला दिसते," तो ऐटीत सांगायचा. "मी लॉगिन केलं तरच. तू उघडलंस तर तिथे काहीच नसेल."

"नसू दे. माझ्यावर किती लोड आहे ते कोण बघतंय?" मावशी म्हणायची.

मग एका रविवारी भुंगा तळ्यावर गेला.

होडी सापडली. गळ सापडला.

तो सापडला नाही.

चार महिने गेले. शोधणाऱ्यांनी हात टेकले. नातेवाईक म्हणाले, आता मन घट्ट करा. मावशी कुणाचं ऐकेना. "मला दाखवा, मग मी रडते," एवढंच म्हणायची.

भुंग्याचा कॉम्प्युटर तिने बंद होऊ दिला नाही. रोज दुपारी मशीनजवळचं स्टूल उचलून त्याच्या खोलीत जायची, फोरम उघडायची आणि त्याचं जुनं लिखाण वाचत बसायची. त्याच्या खुर्चीत ती कधीच बसली नाही. "आल्यावर त्याला लागेल ना," म्हणायची.

त्या दुपारीही ती स्टुलावर होती. खुर्ची शेजारी, रिकामी.

वाचत वाचत ती पानाच्या तळाशी आली...

आणि तिथे ती ओळ होती.

पासवर्ड तिला ठाऊक नव्हता. लॉगिन तिने कधी केलंच नव्हतं. म्हणजे... केलं कुणी?

"अहो!" ती किंचाळली. "अहो, आपला भुंगा जिवंत आहे! फोरमवर आलाय!"

काका धावत आले. त्यांना त्यातलं ओ की ठो कळेना. त्यांनी भुंग्याच्या मित्राला फोन लावला. हा मित्र वायरमन, आणि फोरमच्या कामात भुंग्याचा उजवा हात.

तो येईपर्यंत मावशीला कुठला धीर? ती पडद्याशीच बोलायला लागली.

"कुठे आहेस रे राजा?"

पान आपोआप पुन्हा उघडलं. लोडचा आकडा वाढला होता. टेबलाखाली पंखा घरघरायला लागला.

"जेवतोस ना वेळेवर?"

आकडा आणखी वाढला.

मावशीला हसू आवरत नव्हतं. मग तिने तेच विचारलं, जे चार महिने तिच्या जिवाला खात होतं.

"घरी येतोस ना?"

आकडा एकदम शून्यावर आला.

घरघर थांबली.

तेवढ्यात वायरमन आला. त्याने आधी स्वतःच्या फोनवर फोरम उघडला. तिथे ओळ नव्हती. मग तो वाकून पडद्याकडे बघत राहिला.

"काय रे? कुठून लॉगिन केलंय त्याने? गावाचं नाव कळतं का?" मावशीने त्याचा दंड धरला. "आम्ही आत्ता निघतो."

"काकू..." तो म्हणाला. "लॉगिन कुणीच नाहीये. आणि तो दुसरीकडून आला असता, तर ओळ त्याच्या पडद्यावर दिसली असती. तुमच्या नाही."

"म्हणजे?"

"ओळ तेव्हाच दिसते काकू... जेव्हा मालक स्वतः पानासमोर बसलेला असतो."

तिघांनीही एकदमच रिकाम्या खुर्चीकडे बघितलं.

मावशीचा हात त्याच्या दंडावरून गळून पडला. चार महिने तिने एकच मागितलं होतं, पोरगं घरी येऊ दे. ते आलं होतं. कसं आलं होतं, तेही तिला कळलं. ती जमिनीवर बसली आणि पहिल्यांदाच रडली. पोटातून, आवाज न काढता.

"बंद कर रे ते!" काका वायरमनला म्हणाले.

त्याने भिंतीतला प्लग उपटला. पडदा काळा झाला.

सगळं शांत.

आणि मग... खुर्चीच्या बाजूने गुणगुण ऐकू यायला लागली.

तीच चाल. बेसूर.

वायरमन मागे मागे सरकत दारात जाऊन आदळला. मावशीने मात्र डोळे पुसले आणि म्हणाली, "प्लग लाव रे. काम अर्धवट राहिलं की चिडतो तो."

त्या दिवसापासून वायरमनने त्या घरात पाऊल टाकलेलं नाही. काका त्या खोलीत जात नाहीत. मावशी रोज जाते. आज काय शिवलं, गिऱ्हाईक काय म्हणालं, असं काहीबाही सांगत बसते. घरी येतोस का, असं मात्र पुन्हा कधी विचारत नाही.

हे सगळं मलाही खोटंच वाटलं असतं. पण गेल्या आठवड्यात मी तिच्याकडे गेलो होतो. मावशी फार खंगली आहे. ती चहा टाकायला आत गेली आणि मी सहज त्या स्टुलावर बसलो.

पानाच्या तळाशी ओळ होती.

मी काहीच विचारलं नव्हतं. एक शब्दही बोललो नव्हतो. तरी पान आपोआप पुन्हा उघडत होतं, आणि लोड वाढत होता... वाढतच होता...

स्वयंपाकघरातून मावशीचा आवाज आला.

"आले रे राजा, आले. किती घाई करशील?"

मला तर कुणी हाक मारलेली ऐकू आली नव्हती.