वाढलेल्या बांगड्या

कंदिलाची वात जरा वर करा, सांगतो.

त्रेसष्ट साली मी घाटंजीच्या बाजारात कासाराकडे बांगड्यांचे तुकडे मागायला गेलो, तर तो हसलाच. "मास्तर, बाया साबूत नेतात, तुमाले फुटक्या कायले पाह्यजे?"

काम तसंच होतं. यवतमाळच्या एका कॉलेजात मी साध्या पाण्यातून जड पाणी वेगळं काढायचं यंत्र बनवत होतो. उभी काचेची नळी; तळाशी पाणी उकळायचं, वाफ वर चढायची, गार होऊन थेंब परत खाली उतरायचे. चढत्या वाफेला उतरता थेंब जितका भेटेल, तितकं जड पाणी तळाशी राहतं. ती भेट घडवायला नळीत काहीतरी भरायला हवं. तुकड्यांची युक्ती माझी नव्हे, आमच्या प्रयोगशाळेच्या शिपायाची, उकंडाची. कागदावर मात्र मी माझं एकट्याचंच नाव घातलं.

कासाराचे तुकडे संपले, तरी नळी वीतभर रिकामी राहिली. उद्यावर तपासणी आली, आणि त्याच सकाळी उकंडा तापानं गेला. मी मातीला गेलो. नाल्यावर बायकांनी त्याच्या बायकोच्या, तुळसाबाईच्या, हिरव्या बांगड्या दगडावर फोडल्या. सगळे पांगल्यावर मी... अजून लाज वाटते हो... ते तुकडे रुमालात गोळा केले.

यंत्र चाललं. शाबासकी मिळाली. पण शेगडी विझवली, काच गार झाली, तरी नळीतून किणकिण येतच राहिली. भर दुपारी. तिसऱ्या दिवशी मी नळी उपसली, हिरवे तुकडे वेचले आणि तुळसाबाईला बोलावलं. माझी मान वर होईना.

"तुमच्या फुटलेल्या बांगड्या... मी उचलल्या होत्या."

तिनं एक तुकडा उचलून पाहिला. मग हळूच म्हणाली, "फुटल्या नोका म्हणू, साहेब... वाढल्या म्हणा."

"मला शिव्या तरी द्या."

"आमच्या मालकायचं काम झालं ना?... मंग कायले शिव्या देऊ?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं तुकडे पदरात बांधले, गाठ दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि निघाली. व्हरांड्यात पोचली तशी किणकिण ऐकू आली. तुकड्यांची नव्हे, भरल्या हाताची, पावलागणिक. तिचे हात मला दिसत होते. दोन्ही मनगटं मोकळी होती.

"तुळसाबाई..."

ती जागच्या जागी थांबली.

किणकिण थांबली नाही. तो आवाज एकटाच व्हरांड्यातून माझ्याकडे परत येत होता.